पालिकेच्या सभेची बातमी वाचून नेमकं काय कळतं?

तळ्याकाठी
२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, २१ डिसेंबरला निकाल लागले आणि अनेक नगर परिषदांत काही वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर पुन्हा सभागृह भरू लागलं. त्याबरोबर सभेच्या बातम्याही परत आल्या. त्या वाचल्या की कोण कोणावर धावून गेलं, कोणी सभात्याग केला, नगराध्यक्षांनी किती वेळा टेबल वाजवलं हे सगळं कळतं. मग शेवटच्या ओळीत येतं, 'यानंतर विषयपत्रिकेवरील ३२ विषयांना मंजुरी देण्यात आली.' ते ३२ विषय कोणते, कितीचे, कुठल्या प्रभागातले, यावर अक्षर नाही.

माझं मत असं की शहराची खरी बातमी त्या शेवटच्या ओळीत असते. ती नागरिकाने मिळवायची कशी आणि मिळाल्यावर वाचायची कशी, हे जाणकारांनी सांगावं. ब आणि क वर्ग नगर परिषदांपुरतं बोलू. महानगरपालिकांचा कायदा वेगळा, तो इथे नको.

बोरूबहाद्दर
बातमीचा साचा ठरलेला आहे: खडाजंगी, गदारोळ, सर्वानुमते मंजूर. क्रम बदलत नाही.

दप्तरी
मुद्दा रास्त आहे. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमात कलम ८१ आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी काढावी लागते. सोबत विषयपत्रिका असते. सभा लोकांना खुली असते, प्रेक्षक म्हणून बसता येतं. म्हणजे बातमी छापून येण्याच्या आठवडाभर आधी ती कागदावर तयार असते.

विषयपत्रिका वाचताना नजर कुठे ठेवायची, ते सांगतो.

'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा बहुधा पहिलाच विषय. सगळे तो हसत पुढे ढकलतात. पण आधीच्या सभेत तोंडी बोलला गेलेला आणि वहीत लिहिला गेलेला ठराव यात फरक असेल, तर तो दाखवायची हीच वेळ. एकदा इतिवृत्त कायम झालं की लिहिलेलं तेच खरं.

'कार्योत्तर मंजुरी' हे शब्द दिसले की पेन काढा. काम झालेलं आहे, खर्चही झालेला किंवा होऊ घातलेला आहे, सभागृहाची सही तेवढी राहिली आहे. कलम ५८(२) प्रमाणे नगराध्यक्षांना तातडीच्या वेळी सभेची वाट न पाहता काम करवून घेता येतं आणि मग ते सभेपुढे ठेवावं लागतं. फुटलेली मुख्य जलवाहिनी ही तातडी समजू शकते. स्वागत कमान ही तातडी कशी, हे विचारायला हवं.

आणि शेवटची ओळ: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' ही ओळ रिकामी दिसते. सभेनंतर इतिवृत्तात तिच्याखाली काय काय उगवलं, ते पाहायचं.

खारीकखोबरं
प्रशासक काळात तर सभाच नव्हती. त्या काळातले ठराव कुठे शोधायचे?

दप्तरी
@खारीकखोबरं, प्रशासकीय ठराव म्हणून वेगळं पुस्तक असतं. सभागृहाचे आणि समित्यांचे अधिकार प्रशासकाकडे असल्याने एकाच सहीने ठराव झालेले असतात. त्यांनाही क्रमांक आणि तारीख असते. आता नव्या सभागृहापुढे येणाऱ्या बिलांपैकी बरीच त्या ठरावांवर उभी असतील, म्हणून ते पुस्तक आधी बघा.

गल्लीतला_वार्ताहर
थोडं आमच्या बाजूनेही. तालुक्याच्या पत्रकाराला पानावर मिळते दीडशे शब्दांची जागा. विषयपत्रिका मिळते, पण टिपणी मिळत नाही, आणि टिपणीशिवाय विषयपत्रिका मुकी असते. 'विषय क्र. १४: प्रभाग ६ मधील रस्ता कामास मंजुरी देणे' यातून काय लिहिणार? कितीचं काम, कुठल्या निधीतून, अंदाजपत्रक कोणी केलं, हे सगळं टिपणीत असतं. शिवाय सभागृहात ३२ विषय पाऊण तासात उरकतात. ओरडाआरडा झाला तर निदान कळतं की या विषयात काहीतरी आहे. शांतपणे मंजूर झालेल्या विषयांची जास्त काळजी करा.

तळ्याकाठी
हे पटलं. मग टिपणी नागरिकाला कशी मिळेल?

सोमवारकरी
नाव उगाच घेतलेलं नाही. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाचं २६ नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था त्यात येतात. सोमवारी सुटी असेल तर पुढचा कामाचा दिवस. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही.

अडचण अशी की खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. म्हणून परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा. कोणतं कागदपत्र पाहायचं ते एका ओळीत लिहून आदल्या आठवड्यातच आवक विभागात द्या: 'अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व विषय क्र. १४ ची टिपणी पाहण्यास मिळावी.' गेल्या गेल्या 'सगळ्या फायली दाखवा' म्हटलं तर चार वाजेपर्यंत फाइल शोधण्यातच जातील आणि पाचला दप्तर बंद.

घड्याळजी
आमच्याकडे सोमवारी आठवडी बाजार. साहेबही बाजारात असतात. (हलके घ्या.)

दप्तरी
प्रती हव्या असतील तर माहिती अधिकार आहेच. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि अर्ज १५० शब्दांच्या आत. अर्ज बाद होतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक, रस्ता, पाणी, कचरा सगळं एकाच अर्जात कोंबलेलं असतं. दोन, 'काम निकृष्ट का झाले?' असा प्रश्न विचारलेला असतो. 'का' ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, तो असलेला कागद देतो. म्हणून कागदाचं नाव लिहा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, चाचणी अहवाल, अंतिम देयक. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट.

शेजारधर्म
मला हे माहिती अधिकाराचं प्रकरण जरा अति वाटतं. गाव लहान आहे. नगरसेवक रोज चहाच्या टपरीवर भेटतो. त्याला सांगितलं तर तो स्वतः टिपणी आणून दाखवेल. अर्ज टाकला की तुम्ही 'अर्जवाले' होता आणि मग साधा नळ जोडायलाही वेळ लागतो.

दप्तरी
@शेजारधर्म, दोन्ही करा. नगरसेवकाला विषयपत्रिका टिपणीसह मिळते, तेव्हा मागण्यात गैर काही नाही. पण सत्ताधारी नगरसेवक स्वतःच्या प्रभागातल्या कामाची टिपणी किती उत्साहाने दाखवेल, हे तुम्हीच ठरवा.

बोरूबहाद्दर
आणि नगरसेविका असतील तर टपरीवर त्यांचे 'प्रतिनिधी' भेटतात. निम्म्या जागा महिलांच्या, टपरीवर मात्र शंभर टक्के पुरुष.

सुपारीबाग
+१. सभागृहात बसायचा अधिकार निवडून आलेल्या बाईंचाच आहे. प्रेक्षक म्हणून चार बायका नेमाने जाऊन बसल्या तरी फरक पडतो.

ओळंबा
कागदाबद्दल बरंच झालं. आता कागद आणि जमीन यांचा मेळ घालू, कारण छोट्या शहराचा पैसा जास्त करून रस्ते, गटारं आणि गट्टूंमध्ये (पेव्हर ब्लॉकमध्ये) जातो.

समजा प्रभागातल्या १०० मीटर गल्लीत गट्टू बसवायचे आहेत. मोजमाप पुस्तिका, म्हणजे बोलीभाषेत एमबी, हे मुख्य पुस्तक. त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि पैसे त्यावरच निघतात. टेप घेऊन जा. एमबीत रुंदी ४ मीटर आणि जागेवर ३.६० असेल, तर १०० मीटरमध्ये ४० चौरस मीटरचे पैसे हवेत गेले. मधली चेंबरची झाकणं वजा केली आहेत का, तेही बघा.

जाडीचं सोपं आहे. पायवाटेला ६० मिलिमीटरचे गट्टू चालतात, गाड्या-टेम्पो जाणाऱ्या गल्लीत ८० चे लागतात. अंदाजपत्रकात ८० लिहून ६० बसवणं हा जुना प्रकार. काम चालू असताना कडेला रचलेल्या थप्पीतला एक गट्टू उचलून पट्टी लावली की संपलं. काम झाल्यावर गट्टू उकरावा लागतो आणि मग तुमच्यावरच ओरड होते.

आता बिघडतं कुठे? गट्टू क्वचित बिघडतो, बिघडतो तो खालचा थर. खडीचा थर दाबून घेतलेला नसतो, वाळूचा थर कुठे दोन बोटं तर कुठे चार बोटं. पहिल्याच पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात. दुसरं, दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे आधाराची दगडी कड, लावलेला नसतो, म्हणून कडेचे गट्टू बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि वाळू धुऊन जाते. तिसरं, उतार. गटाराच्या बाजूला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार नसेल तर पाणी घरांच्या उंबऱ्याशी थांबतं. नंतर तक्रार येते की गट्टू खराब आहेत!

खारीकखोबरं
सिमेंट रस्त्याला काय बघायचं?

ओळंबा
जाडी आणि सांधे. ३ मीटर रुंद, १०० मीटर लांब रस्त्यात २० सेंटिमीटरऐवजी १५ टाकले तर १५ घनमीटर काँक्रीट वाचतं. सहा घनमीटरच्या गाड्या धरल्या तर अडीच गाड्या. म्हणून काँक्रीट पडायच्या दिवशी गाड्या मोजा. गाडीसोबत येणाऱ्या चलनावर ग्रेड, घनमीटर आणि निघाल्याची वेळ असते.

सांधे म्हणजे कापलेल्या आडव्या रेघा, साधारण साडेचार मीटरवर एक. त्या काँक्रीट पुरेसं घट्ट झाल्यावर पण पहिल्या २४ तासांच्या आतच कापायच्या, खोली जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा. उशीर झाला की काँक्रीट स्वतःच वाट काढतं आणि वेड्यावाकड्या भेगा पडतात. नुसती वरवर रेघ मारून फोटो काढला तरी तेच. पुढे पाणी मारणं. गोणपाट वाळलेली दिसली तर तिथल्या तिथे तारीख-वेळेसह फोटो काढा.

क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या चाचणीचे, निकाल फाइलमध्ये असायलाच हवेत, ७ दिवसांचे आणि २८ दिवसांचे. २८ दिवसांच्या अहवालाची तारीख काम झाल्यापासून २८ दिवसांच्या आतली दिसली, तर हसू आवरून प्रत मागा.

आणि मंजुरीआधीचा प्रश्न: त्या गल्लीत नवी जलवाहिनी किंवा भुयारी गटार प्रस्तावित आहे का? अमृत २.० या केंद्राच्या योजनेतून अनेक शहरांत पाण्याची कामं चालू आहेत. रस्ता आधी आणि नळ मागून झाला तर पैसे दोनदा जातात. कार्यादेशातला दोष दायित्व कालावधीही लिहून ठेवा. तेवढ्या काळात उखडलं तर ठेकेदाराने पदरमोड करून दुरुस्त करायचं असतं. पण तारीखच कोणाला ठाऊक नसते आणि दुरुस्तीची नवी निविदा निघते.

गल्लीतला_वार्ताहर
@ओळंबा, हे कात्रण करून ठेवतो.

मेणवली_पलीकडे
अवांतर. रस्त्यांवरच का अडलात? पाण्याची बातमी तर कधी सभेपुढेही येत नाही. पावसाळ्यात 'गढूळ पाणीपुरवठा' अशी ओळ छापून येते आणि संपतं.

गढूळपणा डोळ्यांना दिसतो, क्लोरीन दिसत नाही. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. टाकीजवळच्या घरात ते मिळेलच, तपासायचं शेवटच्या टोकाच्या नळाला. त्यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी आहे: नमुन्यात ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं, रंग जुळवून आकडा वाचायचा. पिवळं झालंच नाही तर क्लोरीन संपलेलं आहे.

हिशोब सोपा आहे. एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरीत ताजी असताना सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे ६०० ग्रॅम पावडर. तीच गोणी ओलसर खोलीत उघडी पडून २० टक्क्यांवर आली, तर त्याच ६०० ग्रॅममधून १२० ग्रॅमच मिळतं. कर्मचारी रोज इमाने इतबारे तेवढंच माप टाकत असतो आणि शेवटच्या गल्लीत काही पोचत नाही. तेव्हा सभेत टीसीएल खरेदीचा विषय आला की विचारायचं: साठा किती महिन्यांचा, ठेवला कुठे, शेवटची तपासणी कधी?

शेजारधर्म
लहान गावात काही होत नाही असा सूर लागलाय. कराडशेजारचं मलकापूर बघा. मीटर लावून चोवीस तास पाणी, जास्त वापराला चढता दर. तेही नगरपंचायत असताना केलेलं.

घड्याळजी
आणि स्वच्छ सर्वेक्षण? लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कराड पहिलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी, २०२३ ला सासवड. ओळीने चार वर्षं महाराष्ट्रच.

बोरूबहाद्दर
आमच्या गावात सर्वेक्षण आलं की भिंतीवर झाड रंगवतात. खरं झाड त्याच भिंतीसाठी तोडलेलं असतं.

मेणवली_पलीकडे
भिंतींचा विनोद ठीक, पण सर्वेक्षणातले गुण वर्गीकरणालाही असतात. घंटागाडीच्या ठेक्यात पैसे टनामागे आहेत की घरामागे, एवढं एक वाक्य करारात शोधा. टनामागे असतील तर ओला-सुका वेगळा करण्यात ठेकेदाराला काहीच फायदा नाही, उलट ओला कचरा जड म्हणून त्याला तोच हवा. पावसाळ्यात वजनं वाढतात त्याचं गूढ यातच आहे.

सर्व्हे_नंबर
सगळ्यात नीरस दिसणारा आणि सगळ्यात महाग विषय कोणीच काढला नाही. 'मंजूर विकास योजनेतील आरक्षण क्र. अमुक, स. नं. तमुक, कलम ३७ अन्वये फेरबदल करणेबाबत.' प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं हे कलम. या एका ओळीत खेळाच्या मैदानासाठी राखलेली जागा निवासी होऊ शकते. ठरावानंतर हरकतींसाठी नोटीस निघते, मुदत एक महिना. ती वर्तमानपत्रात 'माझे नाव बदलले आहे' च्या शेजारी बारीक टायपात असते. हरकत लेखी द्या, आरक्षण क्रमांक घाला, सुनावणीची मागणी करा.

त्याचाच भाऊ म्हणजे कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. सूचना टेबलावर पडून राहिली की मैदान गेलं, ठराव न करताच गेलं. म्हणून माहिती अधिकारात 'कलम १२७ खाली प्राप्त सूचनांची यादी, प्राप्तीच्या दिनांकासह' एवढं मागा. दीड ओळीचा अर्ज आहे.

खारीकखोबरं
बाप रे. हे वाचून तरी गट्टू स्वस्त वाटायला लागले.

लेखाशीर्ष
अर्थसंकल्पाबद्दल थोडक्यात. 'शिलकी अर्थसंकल्प' या मथळ्यावर जाऊ नका. शिल्लक म्हणजे बऱ्याचदा शासनाकडून आलेलं आणि न खर्चलेलं अनुदान, ते दुसरीकडे वळवता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचं घ्या. ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, ४० टक्के अबंधित. आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. मार्चमध्ये घाईने निघणारी कामं कुठल्या शीर्षाखाली टाकली, तिकडे लक्ष असू द्या.

पुस्तकात तीन रकाने शेजारी शेजारी वाचा: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षीचा अंदाज. दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी दरवर्षी अंदाजात भरघोस आणि प्रत्यक्षात किरकोळ दिसला, तर तीच बातमी.

आणि घरपट्टी. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीची यादी लागली की नगर परिषद अधिनियमाच्या कलम ११९ खाली हरकतीला किमान ३० दिवस मिळतात. लोक 'कर जास्त आहे' असं लिहितात, ते टिकत नाही. मोजमाप चुकलं, पत्र्याच्या शेडला स्लॅबचा दर लावला, स्वतः राहतो तिथे भाडेकरू दाखवला, बांधकामाचं वर्ष चुकलं, वार्षिक भाड्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा केले नाहीत, असं नेमकं लिहा. हरकत घेतली म्हणून जुन्या दराने भरायचं थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते.

तळ्याकाठी
धागा भलताच वाढला, पण मूळ प्रश्न उरतोच. नोकरी करणाऱ्या माणसाला महिन्यातून एखादी संध्याकाळ मिळते. तेवढ्यात काय करावं?

दप्तरी
तीन गोष्टी. नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो. तिच्यातले कार्योत्तर मंजुरीचे, कलम ३७ चे आणि स्वतःच्या प्रभागातले विषय अधोरेखित करणे. सभेनंतरच्या एखाद्या सोमवारी त्यांचंच इतिवृत्त. बाकीचे सोडून द्या.

शेजारधर्म
आणि प्रभागात चौघे मिळून करा. एक टेपवाला, एक कागदवाला. 'अर्जवाले' म्हणायचंच असेल तर चौघांना म्हणू देत.

गल्लीतला_वार्ताहर
बेकायदा वाटणारा ठराव सापडला तर नुसती पोस्ट टाकून थांबू नका. नगर परिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्ज कार्यादेश निघायच्या आत जायला हवा. काम सुरू झाल्यावर 'जनहितार्थ काम प्रगतिपथावर' असं उत्तर येतं. ठराव क्रमांक, तारीख आणि कुठल्या तरतुदीचा भंग झाला हे लिहा, भावना वगळा.

सोमवारकरी
फोटो काढताना फलकावरचं शेवटचं पानही घ्या. बरेच जण पहिली दोन पानं काढून ग्रुपवर टाकतात आणि ऐनवेळच्या विषयांची ओळ, सहीची तारीख दोन्ही राहतात. सात दिवस भरले की नाही, ते त्या तारखेवरूनच कळतं. आणि कुठलाही अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.